परगावी शिकताना डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला कसा घ्यावा : इंदूरच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

इंदूरमध्ये डॉक्टरांची वानवा नाही. महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे एम.वाय., शहराच्या मधोमध आहे आणि खासगी दवाखाने तर जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहेत. तरीही बऱ्हाणपूर, खंडवा, खरगोन किंवा सीमेपलीकडच्या खानदेशातून इथे शिकायला आलेला विद्यार्थी आजारी पडला की पहिले दोन-तीन दिवस बहुधा खोलीतच पडून काढतो आणि मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये तोंडी लक्षणे सांगून गोळ्या घेऊन येतो. ओपीडीच्या रांगेत अर्धा दिवस मोडतो, क्लास बुडतो, कोणत्या डॉक्टरकडे जावे हे ठाऊक नसते, सोबत यायला कोणी मोकळे नसते आणि काही दुखणी उघडपणे सांगण्याची लाज वाटते. मध्यप्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करत भंवरकुआँच्या परिसरात राहणाऱ्यांना तर महाविद्यालयाचाही आधार नसतो. म्हणजे अडचण डॉक्टर नसण्याची नाही, त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचण्याची आहे, आणि नेमकी तीच टेलिमेडिसिनने, म्हणजे फोन किंवा इंटरनेटवरून घेतलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, बऱ्याच अंशी दूर होते.

मात्र फोनवर डॉक्टर दिसले म्हणजे उपचार झाला असे मानू नये. घरी असताना ताप मोजणे, तो कधीपासून आहे हे लक्षात ठेवणे, लहानपणी कोणत्या औषधाने पुरळ उठले होते ते डॉक्टरांना सांगणे ही कामे आई किंवा घरातले दुसरे कोणी मोठे माणूस करत असते. परगावी ते माणूस जवळ नसते आणि दूरस्थ सल्ल्यात डॉक्टरांचा हातही नाडीपर्यंत पोहोचत नाही. या दोन्ही उणिवा रुग्णानेच भरून काढायच्या असतात. पुढील सूचना प्रामुख्याने त्यासाठी आहेत.

कोणाला विचारावे

पहिला पर्याय बहुतेकांना सुचत नाही, तो म्हणजे गावातले आपले नेहमीचे डॉक्टर. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशातील कोणत्याही भागातील रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतात. त्यामुळे बऱ्हाणपूरच्या किंवा भुसावळच्या डॉक्टरांनी इंदूरमधल्या विद्यार्थ्याला पाहण्यास राज्याच्या सीमेची आडकाठी नाही. शिवाय त्याच आजारासाठी त्यांनी मागील सहा महिन्यांत तुम्हाला प्रत्यक्ष तपासले असेल, तर नंतरचा सल्ला पाठपुरावा म्हणून धरला जातो आणि त्यात औषधे लिहून देण्याची मोकळीक अधिक असते. दमा, थायरॉइड, अर्धशिशी, फिट येणे असा जुना आजार असलेल्याने म्हणून सुट्टीत घरी गेल्यावर एकदा डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवून यावे आणि ते फोनवर कोणत्या वेळी बोलतात, शुल्क कसे घेतात, हे तेव्हाच विचारून ठेवावे. माझ्या मते अनोळखी अॅपवरच्या नामांकित तज्ज्ञापेक्षा तुम्हाला दहा वर्षे ओळखणाऱ्या साध्या डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला अधिक उपयोगी पडतो, कारण तुमच्या प्रकृतीचा पूर्वेतिहास त्यांना मुळापासून सांगावा लागत नाही.

दुसरा पर्याय ई-संजीवनी या सरकारी सेवेचा. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने तयार केलेल्या या व्यवस्थेतील घरबसल्या सल्ल्याची ओपीडी टाळेबंदीच्या काळात, १३ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. ती मोफत आहे. संकेतस्थळावर किंवा अॅपवर मोबाइल क्रमांक टाकून ओटीपीने नोंदणी करावी, राज्य व जिल्हा निवडावा, आधीचे कागद असल्यास जोडावेत आणि टोकन घेऊन क्रम येण्याची वाट पाहावी. बोलणे झाल्यावर चिठ्ठी फोनवरच मिळते. ओपीडीच्या वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा त्या पाहूनच बसावे. रात्री अकराला अॅप उघडून डॉक्टर नाहीत म्हणून चिडण्यात अर्थ नाही. इंदूरच्या वस्त्यांमध्ये मुख्यमंत्री संजीवनी क्लिनिके आहेत, त्यांच्याशी या सेवेची गल्लत होते. क्लिनिकमध्ये स्वतः जावे लागते, ई-संजीवनी फोनवर चालते, आणि दोन्ही ठिकाणी पैसे लागत नाहीत. स्वतःचा स्मार्टफोन नसेल किंवा अॅप जमत नसेल, तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, जावे. तेथील आरोग्य कर्मचारी रक्तदाब, ताप वगैरे मोजून तुमच्या वतीने दुसरीकडच्या डॉक्टरांशी जोडून देतात.

खासगी अॅपवरून सल्ला घ्यायचा असेल, तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांचे पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहावा. हा क्रमांक रुग्णाला दिसेल असा ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत नाव शोधून खात्रीही करता येते. संगणकीय सहायकाने प्रश्न विचारून माहिती गोळा करण्यास हरकत नाही. मात्र सल्ला देणारे आणि औषध लिहिणारे नोंदणीकृत डॉक्टरच असले पाहिजेत, हे त्याच मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे.

बोलण्यापूर्वीची तयारी

व्यवस्थित तयारी असली की बोलणे लवकर आटोपते, आणि तयारी नसली की अर्धा वेळ 'आठवत नाही' म्हणण्यातच जातो. खोलीत एक डिजिटल थर्मामीटर असावाच. तीन-चार जणांनी वर्गणी काढून पल्स ऑक्सिमीटरही घ्यावा. कपाळाला हात लावून 'अंग गरम आहे' असे सांगण्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. 'काल रात्री नऊला १०२, गोळीनंतर ९९, आज पहाटे पुन्हा १०१.५' असे सांगितले की तापाची चाल समजते. ताप मोजला की वेळेसह लगेच फोनमध्ये लिहून ठेवावे. ऑक्सिमीटर लावताना बोटाला नखरंग नसावा आणि हात गार पडलेला नसावा, नाहीतर आकडा चुकतो. स्वस्थ बसून मिनिटाला नाडीचे ठोके किती पडतात आणि श्वास किती होतात, हेही मोजता येते. प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी नाडी साधारण ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतात.

यानंतर एका कागदावर काही गोष्टी क्रमाने लिहाव्यात : त्रास नेमका कधी आणि कसा सुरू झाला, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत वाढला की कमी झाला, कशाने वाढतो व कशाने थांबतो, सोबत आणखी काय होते, गेल्या दोन दिवसांत काय खाल्ले-प्यायले, लघवी नेहमीइतकी होते का, आणि मुलींच्या बाबतीत शेवटच्या पाळीची तारीख. कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे आणि घरात मधुमेह, दमा, क्षय असे काही आहे का, हे ठाऊक नसल्यास आधीच घरी फोन करून विचारून घ्यावे. आतापर्यंत स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्या लपवू नयेत. त्यांच्या पट्ट्या समोर ठेवाव्यात आणि मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवावा. सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतेच. त्यात तापासाठी पुन्हा पॅरासिटामॉल घेतले की नकळत दुप्पट मात्रा होते आणि तिचा ताण यकृतावर पडतो. ही चूक डॉक्टरांना पट्टीचे नाव पाहूनच कळते.

त्वचेचा त्रास असेल तर दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फिल्टर न लावता दोन फोटो काढावेत. एक जरा दुरून, म्हणजे चट्टा शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती पसरला आहे हे दिसेल, आणि दुसरा जवळून, शेजारी नाणे ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येईल. घसा दाखवायचा असल्यास मित्राला टॉर्च धरायला सांगावे. ट्यूबलाइटखाली हलत्या हाताने काढलेल्या फोटोवरून नायटा की इसब हे अनुभवी त्वचारोगतज्ज्ञालाही सांगता येत नाही.

जागेचाही विचार करावा. तिघांच्या खोलीत इअरफोन लावल्याने डॉक्टरांचे बोलणे इतरांना ऐकू जात नाही, पण तुमचे जाते. गच्ची, रिकामी वर्गखोली किंवा खोलीतले मित्र मेसमध्ये गेल्याची वेळ निवडावी. फारच अडचण असेल तर काही माहिती डॉक्टरांना लिहून कळवता येते. दूरस्थ सल्ला चित्र, आवाज किंवा मजकूर यांपैकी कोणत्याही मार्गाने देण्याची मुभा आहे.

बोलताना आणि औषध घेताना

सुरुवातीस डॉक्टर नाव, वय, पत्ता विचारतात, तेव्हा ते खरे सांगावे. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल तर ओळख पटलेली एखादी प्रौढ व्यक्ती सोबत असल्याशिवाय सल्ला देता येत नाही. पहिल्या वर्षाच्या अनेकांना आणि क्लाससाठी आलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांना हा नियम लागू होतो. पालकांना त्याच कॉलवर घेता आले तर उत्तम, नाहीतर वॉर्डनने शेजारी बसावे.

दूरस्थ सल्ल्यात कोणते औषध देता येते याचेही नियम आहेत आणि ते माहीत असले म्हणजे 'डॉक्टरांनी गोळी लिहिलीच नाही' अशी तक्रार उरत नाही. ताप उतरवणारे पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याची साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात. काही औषधे पहिल्याच वेळी द्यायची असतील तर व्हिडिओवर बोलणे आवश्यक असते, आणि काही केवळ पाठपुराव्याच्या सल्ल्यातच लिहिता येतात. मॉर्फीन, कोडीन यांसारखी अमली औषधे आणि शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या कायदेशीर यादीतील औषधे दूरस्थ चिठ्ठीवर देण्यास मनाई आहे. पाहणे झाल्याशिवाय अँटिबायोटिक लिहिण्यास डॉक्टर नकार देत असतील, तर ते आपले काम नीट करत आहेत असे समजावे. त्यांच्यामागे लागू नये आणि 'मग मेडिकलमधून घेतो' असा मार्गही काढू नये.

चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि सही आहे ना, हे चिठ्ठी मिळताच पाहावे. औषध जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि दोन दिवसांत बरे वाटले नाही तर पुढे काय करायचे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवू नये. त्यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सहसा राहून जातो. चिठ्ठी, तपासणीचे अहवाल आणि फोटो एकाच फोल्डरमध्ये तारखेनुसार ठेवावेत. आभा हा सरकारी आरोग्य-ओळखीचा चौदा अंकी क्रमांक काढल्यास हे कागद एका जागी जोडता येतात. तो क्रमांक म्हणजे विमा नव्हे आणि मोफत उपचारांचे आयुष्मान कार्डही नव्हे. आभा काढताना किंवा ई-संजीवनीवर नोंदणी करताना स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा. सिम वडिलांच्या फोनमध्ये असेल तर ओटीपी त्यांच्याकडे जातो, आणि मग खासगीपणाही राहत नाही व ऐनवेळी नोंदणीही अडते.

फोन बाजूला ठेवून रुग्णालय गाठायचे प्रसंग

छातीत दुखणे, धाप लागणे, ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली जाणे, बेशुद्धी, फिट, डोक्याला मार, न थांबणारा रक्तस्राव, विषबाधा, सर्पदंश, तापासोबत मान आखडणे किंवा बरळणे, पोटात उजवीकडे खाली सतत वाढत जाणारी कळ, यांपैकी काहीही असल्यास टोकन घेऊन वाट पाहत बसू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा एम.वाय.चा अपघात विभाग अथवा जवळचे रुग्णालय गाठावे. राऊ किंवा सिमरोलकडे राहणाऱ्यांनी रात्री वाहन कोठून मिळेल, हे आजारपण येण्याआधीच ठरवून ठेवावे. गर्भधारणेची शंका असल्यास घरी चाचणी करून पुढचा निर्णय प्रत्यक्ष स्त्रीरोगतज्ज्ञांसोबतच घ्यावा. गर्भपाताच्या गोळ्या फोनवरच्या सल्ल्याने किंवा मैत्रिणीच्या अनुभवावरून घेणे जिवावर बेतू शकते.

डेंग्यूबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पावसाळ्यात आणि त्यानंतर वसतिगृहांमध्ये याच आजारात दूरस्थ सल्ल्यावर विसंबून सर्वाधिक फसगत होण्याचा संभव असतो. सुरुवातीचे दिवस अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणे आणि चढता ताप यांत जातात. या टप्प्यावर फोनवरचा सल्ला पुरेसा असतो : पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती आणि रक्ततपासणी. एनएस१ ही रक्तातील डेंग्यू विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी असते, त्यानंतर प्रतिपिंडांची चाचणी करतात. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मात्र साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो आणि विद्यार्थी 'बरे वाटतेय' म्हणून पुन्हा क्लासला निघतो, तोच काळ खरा जोखमीचा असतो. ताप गेल्यावर पोटात जोराने दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची मरगळ, हातपाय गार पडणे, किंवा सहा तासांत लघवी न होणे यांपैकी एकही गोष्ट दिसली तर त्याच क्षणी रुग्णालयात जावे. वसतिगृहात सारी चर्चा प्लेटलेटच्या आकड्याभोवती आणि पपईच्या पानांच्या रसाभोवती फिरते. डॉक्टर मात्र रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि रक्ताचा घट्टपणाही पाहतात, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टी पडद्यावर दिसत नाहीत. म्हणून ताप उतरल्यानंतरच्या दोन दिवसांत एकदा तरी प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी.

मनाच्या दुखण्यासाठी

या बाबतीत मला टेलिमेडिसिनचा उपयोग सर्वांत अधिक वाटतो, कारण येथे तपासणारा हात लागत नाही, ऐकणारा कान लागतो, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कोणी पाहील ही भीतीही उरत नाही. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. सुरुवातीला भाषा निवडता येते आणि त्यात मराठीही आहे. इंदूरमध्ये दिवसभर हिंदीत वावरणाऱ्या मुलालाही रडू येते ते बहुधा घरच्या भाषेत, म्हणून ही निवड जरूर करावी. आधी समुपदेशक बोलतात आणि गरज असल्यास तज्ज्ञांकडे जोडून देतात. झोप न लागणे, परीक्षेच्या आधी छातीत धडधडणे, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन न लागणे, जेवण सुटणे, दारू किंवा गांजाची सवय लागणे, यांसाठी या क्रमांकावर बोलण्यास संकट कोसळण्याची वाट पाहावी लागत नाही. सोबतचा मुलगा जीव देण्याविषयी बोलू लागला तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, त्याच्या शेजारी बसूनच १४४१६ लावावा, त्याने आधीच काही करून घेतले असेल तर १०८ किंवा ११२ या आपत्कालीन मदतीच्या क्रमांकावर फोन करावा, आणि ही गोष्ट गुप्त ठेवण्याचे वचन त्याला देऊ नये.

वसतिगृहे, महाविद्यालये आणि मंडळांनी काय करावे

एकट्या विद्यार्थ्याला जे अवघड जाते ते संस्थेला थोड्या खर्चात करता येते. दार बंद होईल अशी एक खोली, चांगले इंटरनेट, कॅमेरा असलेला संगणक, दंडाला बांधायचे डिजिटल रक्तदाबयंत्र, वजनकाटा, थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर एवढे पुरते. आठवड्यातून दोन-तीन ठरलेल्या संध्याकाळी तेथे परिचारिका किंवा प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी बसवावा. त्याने मोजमापे घ्यावीत, कॉल जोडून द्यावा आणि विद्यार्थ्याला हवे असेल तर बाहेर थांबावे. नोंदवहीत नाव आणि वेळ एवढेच असावे. आजार काय, औषध कोणते हे तेथे लिहिले की मुली त्या खोलीकडे फिरकत नाहीत, आणि मुलगेही फारसे नाहीत. हजेरीसाठी दूरस्थ चिठ्ठी ग्राह्य धरली जाईल असे महाविद्यालयाने लेखी कळवले, तर आजारी मुले केवळ कागदासाठी रांगेत उभी राहणार नाहीत.

इंदूरच्या मराठी मंडळांपाशी या कामासाठी उपयोगी पडणारी माणसे आहेत. निवृत्त झालेल्या पण नोंदणी चालू असलेल्या डॉक्टरांनी आठवड्यातून एक तास फोनवर द्यायचे ठरवले, तर परगावच्या मुलांना निदान 'हे घरी थांबण्यासारखे आहे की उद्या दाखवायलाच हवे' एवढे तरी विश्वासाच्या माणसाकडून कळेल. मात्र हा सल्लाही त्याच नियमांत बसवावा : नोंद ठेवावी, औषध लिहिले तर रीतसर चिठ्ठी द्यावी आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणाच्याही आजाराचा उल्लेख करू नये. जुलैत प्रवेश घेणाऱ्या मुलांना भाड्याच्या करारासोबत एका पानावर १०८, ११२, १४४१६, जवळच्या संजीवनी क्लिनिकचा पत्ता आणि रात्री उघडे असणाऱ्या मेडिकलचे नाव छापून दिले, तर त्या पानाचा उपयोग पहिल्याच पावसाळ्यात होईल.